टेपवाली आपा आणि तांड्याची शुगर

आपा आली की आमच्या तांड्यातले पुरुष पोट आत ओढून उभे राहायचे. तिच्या गळ्यात शिंप्याकडे असतो तसा टेप असायचा आणि समोर येईल त्याच्या कमरेला ती तो गुंडाळायची. "पोट सोड भाऊ, मी काही सोयरीक पाहाले नाही आली," म्हणायची. आमच्या नाईकांनी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांनी, एकदा तिला ऐकवलं की आमच्यात पोट म्हणजे इज्जत. आपा टेपवरचा आकडा वाचत म्हणाली, "मंग इज्जत दोन इंच कमी करा, नाईकसाहेब. लई वाढली." त्यानंतर नाईक तिला पाहून वाट बदलायचे, पण संध्याकाळी गुपचूप चालायला लागले.

ती दारव्ह्याची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. शुगर कोणाला होऊ घातली आहे आणि चालण्या-खाण्यानं ती थोपवता येते का, असा एक अभ्यास मोठ्या डॉक्टरांनी काढला होता. गावोगाव फिरून रक्त घ्यायचं, वजन-कंबर मोजायची, फॉर्म भरायचे, हे आपाचं काम.

माझ्या बापाला शुगर होती. आधी अंगठा गेला, मग पाय, मग तो. मी आठवीतून शाळा सोडली ती त्याच वर्षी. पुढं मोठा झाल्यावर आपाच्या पहिल्या तपासणीत माझा आकडा वर आला, तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, "आपा, पाय कधी कापतात?"

ती फॉर्म बाजूला ठेवून माझ्याजवळ खाली बसली. "काहून कापतील?"

"बापाले होती. मले होणारच ना."

"बापाचं वावर तुह्या नावावर येईन. त्याचा कापलेला पाय काही सातबाऱ्यावर चढत नाही. बापाले होती म्हणून तुले धोका जास्त, एवढंच. बाकी चालणं तुहं, जेवण तुहं."

त्या खेपेला तांड्यातल्या बहुतेकांचे आकडे वर आले होते. आपाला ते पटत नव्हतं. एक दिवस ती उजाडायच्या आधीच स्कूटी घेऊन आली आणि आमच्या चुलीजवळ बसली. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, तिच्या हातात काळ्या चहाचा गिलास दिला. साखर एवढी की ओठ चिकटावेत.

"इतक्या लवकर चहा?"

"तोंड धुतलं का चहा. त्याबिगर डोळा उघडत नाही."

"तपासणीच्या दिवशीबी घेतला?"

"घेतला."

"अवं, मी उपाशी या म्हटलं होतं!"

"मंग उपाशीच आलो. भाकर कोणी खाल्ली?"

आमच्याकडे चहा खाण्यात धरतच नाहीत. मीही घेतला होता. आपानं कपाळावर हात मारला. आम्हाला वाटलं, आता शिव्या बसणार. ती म्हणाली, "चूक माही. मी चहाचं इचारलंच नाही."

दोन दिवसांनी तिचे साहेब फॉर्म न्यायला जीपनं आले. शाळेच्या व्हरांड्यात तिनं त्यांना सगळं सांगितलं. साहेब घड्याळ पाहत म्हणाले, "फॉर्म भरून झालेत, मुदत संपत आलीय. द्या तसेच. चहासाठी त्यात रकाना आहे का?"

आपानं पेन काढला आणि आमच्या सगळ्यांसमोर एकेका फॉर्मवर आडवी रेघ मारत गेली. "साहेब, हे आकडे तांड्याचे नाहीत, चहाचे आहेत. धडधाकट माणूस आजारी लिहिला जाईल, अन् जो खरा आजारी आहे तो या गर्दीत दिसणारच नाही."

"पुढच्या वेळी तुम्हाला ठेवायचं की नाही, याचा विचार करावा लागेल."

"खुशाल करा. पण माह्या सहीनं झूठ जाणार नाही."

मग रोज पहाटे, चुलीवर पातेलं चढायच्या आत ती दारात हजर. पुन्हा सगळ्यांचं रक्त घेतलं. बरेच जण सुटले. नाईकांना मात्र खरंच शुगर निघाली आणि वेळेवर औषध सुरू झालं. माझा आकडा काठावरचा. आपा म्हणाली, "अजून गेला नाहीस. पण मधात उभं राहता येत नाही, बेटा. मागं सरक, नाहीतर पुढं ढकलला जाशीन."

साहेबांनी विचार केला. आपाला पुढं ठेवलं नाही. ती निरोप घ्यायला आली तेव्हा मी गुजरातेत कामाला निघालो होतो. म्हटलं, "आपा, तिकडं मले कोण पाहीन? मले लई भेव वाटते."

"भेव वाटते तं वाटू दे. भीत भीत चाल. पण चाल."

तसाच चालतो. ड्यूटी संपली की कारखान्याच्या भिंतीकडेनं रोज तासभर. सोबतचे हसतात. तपासणीची अजून भीती वाटते, पण चार वर्षं झाली, मी काठाच्या अलीकडंच आहे. हे आपाचे उपकार, आणि ते लिहून फिटत नाहीत.

परवा याडीचा फोन आला. अभ्यासाचा नवीन माणूस तांड्यात आला होता, सकाळी नऊ वाजता. म्हणाला, उशीर झाला, हात द्या, उपाशी म्हणून लिहून घेतो.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, बायांनी एकीनंबी हात नाही देला. म्हटलं, रगत आमचं आहे. खरं लिहायचं असन तं उद्या उजाडायच्या आधी ये."

"आला का?"

"आला ना. अंधारात ठेचकाळत आला."