शेठजी आणि रशियातला जमीनदार

"बाप्पा! हा तं आपल्या मानोऱ्यातलाच मानूस दिसते!" असं कादंबरीतल्या माणसाबद्दल म्हणून शेठजी मांडीवर थाप मारत, आणि कापड बघायला आलेलं गिऱ्हाईक दचके.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मानोऱ्यात शिक्षक होतो आणि शेठजींच्या कापडदुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आम्ही जवळच्या इंझोरी गावचे, बौद्ध, ते जैन. चारचौघांची कुरकुर कानाआड करून त्यांनी मला खोली दिली होती. फक्त चहाचा पेला माझा वेगळा असे.

एकदा त्यांनी माझ्या हातात जाडजूड रशियन कादंबरी पाहिली, मराठीत आलेली. चाळिशी लावूनही त्यांना बारीक अक्षर दिसेना. मग शाळा सुटली की मी गादीच्या कडेला बसून वाचून दाखवू लागलो.

रशियन नावं त्यांना जड जात. "त्या जमीनदाराले मोठा पाटील म्हना न, मास्तर!"

हा मोठा पाटील दिवाणखान्यात समतेवर भाषण करी, टाळ्या घेई, आणि पाहुणे गेले की शेतमजूर बसलेली खुर्ची पुसून घेई. शेठजींच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "लेखकानं एक शिवी नाही देल्ली, तरी पुरा उघडा पाडला त्याले!"

पडद्याआडून शेठजींच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला, "खुर्ची पुसली तं हसता. आपल्या घरी मास्तरचा पेला वेगळा काहून आहे हो?"

शेठजींचं हसू थांबलं. मी पानावरून नजर उचलली नाही.

"आज एवढंच, मास्तर."

पुढे काही दिवस हाक आली नाही. वाचन संपलं, आता खोलीही जाणार, असं मी धरून चाललो होतो. मग एका संध्याकाळी खालून आवाज आला, "मास्तर, उतरा न! मोठ्या पाटलाचं काय झालं?"

काकूंनी एकाच ताटात तीन सारखे पेले आणले. शेठजींनी त्यातला एक उचलून माझ्या हातात दिला. एवढंच विचारलं, "सुधरते का तो शेवटी?"

"नाही, शेठजी."

"मंग त्याले आमच्या हिच्यासारखी बायको नसंन," ते म्हणाले. काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

माझी बदली झाली तेव्हा ते एस.टी.पर्यंत पोचवायला आले. पायरीवर उभे राहून त्यांनी पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्या लोकांना मोठ्या पाटलाची सगळी गोष्ट सांगितली.

"असा मानूस तुमी पाह्यला का, शेठजी?" एकाने विचारलं.

"पाह्यला म्हंजे? रोज सकाळी आरशात त्याची दाढी करतो मी!"

काही वर्षांनी मानोऱ्याला गेलो तेव्हा शेठजी हयात नव्हते. मला ते त्या पायरीवरचेच आठवतात: काखेत माझी वळकटी, सगळी गाडी खदखदा हसणारी, आणि घंटी मारायची विसरून त्यांच्याकडे बघत राहिलेला कंडक्टर.