बर्डीचा किल्ला आणि माझा जप्त झालेला अडकित्ता

माझा अडकित्ता सैन्याच्या ताब्यात आहे आणि घरातल्या एकालाही त्याचं काही वाटत नाही. पितळेचा, लग्नातला. त्यानं सुपारी कशी पातळ निघायची. आता मी ती वरवंट्यानं फोडते, आणि गजानन, माझा मुलगा, म्हणतो, "बरं झालं माय, या निमित्तानं सुपारी सुटन तुही." नमस्कार-चमत्कार मागून करू. आधी तो कसा गेला ते सांगते, म्हणजे तुम्ही गेलात तर तुमचा वाचेल.

नागपुरात बर्डीला टेकडीवर किल्ला आहे. फौजेकडे आहे म्हणून एरवी बंद. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी लोकांसाठी उघडतो. मी कुहीची. वय एक्काहत्तर. भांड्या-कपड्यांसाठी इतवारीच्या बाजारात किती वेळा गेले त्याला गणती नाही, पण मान वर करून त्या टेकडीकडे कधी पाहिलं नाही. यंदा सव्वीस जानेवारीला गेले, तेही हौसेनं नाही. मला नेलं. माझं मत फिरवायला.

झालं असं की गजाननची मुलगी सोनल नागपुरात होस्टेलवर राहून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला फौजेत अधिकारी व्हायची परीक्षा द्यायची आहे. फॉर्मची मुदत संपत आलेली. वीस वर्षांची आहे, गुपचूप भरू शकली असती. पण ती म्हणाली, "लपून नाही भरणार. हो म्हणा, नाही तर कारण सांगून नाही म्हणा."

गजानन म्हणाला, "आजीले विचार."

ही आमच्या घरची जुनी रीत आहे. गजाननला मेहुण्याला मोटारसायकल द्यायची नसली की तो म्हणतो, "मायले विचारून सांगतो." सुनेला नात्यातल्या लग्नाला जायचा कंटाळा आला की "सासूबाई नाही म्हणतात." मी बिचारी त्यातलं काही म्हटलेलंच नसतं. पण खरं सांगू, मला ते आवडतं. चौथी पास बाईच्या नकाराला एवढा मान कुठे मिळतो? तर मी नाही म्हटलं. सोनलनं कारण विचारलं. म्हटलं, "मी म्हणते म्हणून."

आता माझी देशभक्तीही ऐकून घ्या. गेल्या उन्हाळ्यात टीव्हीवर लढाई सुरू झाली तेव्हा मी आणि गजानन शेंगा फोडत समोर बसायचो. तो म्हणायचा, "घुसून मारा." मी म्हणायची, "एकदाचा धडा शिकवा." लढाई लांबली तर काय घ्या, म्हणून मी इतवारीतून दहा किलो साखर आणवली. लढाई चार दिवसांत थांबली. साखरेला मुंग्या लागल्या. देशासाठी मी जी काय लढले, ती त्या मुंग्यांशी, आणि त्याही जिंकल्या.

तर सोनल होस्टेलवरून सुट्टीला घरी आली आणि सव्वीस जानेवारीला सकाळच्या पहिल्या एसटीनं मला घेऊन निघाली. बायांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरीनंतर फुकट आहे, तेव्हा घाई नसेल तर चार वर्षं थांबून जा. दीड तास लागतो. खिडकीजवळ बसू नका, जानेवारीत वारा कानात शिरतो. मी बसले, कारण सोनलनं नको म्हटलं होतं.

बसमध्ये तिनं एक वही काढली. कॉलेजात निबंध लिहायला दिला होता: युद्ध, सत्ता आणि देशाप्रती माझं कर्तव्य. म्हणाली, "आजी, ऐकतं का?" मी म्हटलं, "उतरून तर जाऊ शकत नाही आता. वाच."

लिहिलं होतं चांगलं. लढाया कोण ठरवतं आणि कोण लढतं, हे वेगळे लोक असतात, असं काहीतरी. मग एक वाक्य आलं: "सत्ता म्हणजे दुसऱ्याच्या जिवाबद्दल आपण ठरवायचं, आणि कारण विचारलं तर सांगायचं नाही."

"हे माह्यावर लिहिलं का वं?"

"नाही आजी. राजांवर."

"मग ठीक आहे," मी म्हटलं. दिघोरी येईपर्यंत मला ते ठीक वाटेना.

पुढच्या सीटवरचे एक धोतरवाले बुवा कान लावून ऐकत होते. मागे वळून म्हणाले, "पोरगी लढाईच्या विरोधात लिहून राहिली आणि फौजेत जातो म्हणते? हे काय जमून नाही राहिलं."

सोनल म्हणाली, "आजोबा, डॉक्टरले बिमारी आवडते म्हणून तो डॉक्टर होते का?"

बुवा परत समोर पाहायला लागले. मला मनातून बरं वाटलं, पण मी विरोधी पक्षात होते, म्हणून तोंड वाकडं केलं.

स्टँडवर उतरून आधी तर्री पोहे खाल्ले, वर चण्याचा झणझणीत रस्सा ओतलेले. नागपुरात सकाळी दुसरं काही शोधू नका. तर्री कमी घाला म्हणून सांगा, ते ऐकत नाहीत, पण सांगा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सोनल म्हणाली, "आजी, किल्ला पाहायच्या आधीच भावूक झाली का?" तिथून ऑटोनं बर्डी. ऑटोवाला सणाचा दिवस म्हणून जास्त मागतो, चढ आहे म्हणून आणखी मागतो. मी भाव केला नाही, फक्त त्याच्याकडे पाहत राहिले. तो आपणहून खाली आला.

रांग लांब होती. पोरंबाळं, तिरंगी टिकल्या, गालावर रंग. आधार कार्ड जवळ असू द्या, पाणी घ्या, टोपी घ्या. आणि बटवा घरी ठेवा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

गेटवर एक जवान सामान तपासत होता. बावीस-तेवीसचा असेल, उन्हात उभं राहून नाक सोललेलं. माझा बटवा उघडला आणि अडकित्ता वर धरला.

"माताजी, ये अंदर नहीं जाएगा।"

माझी हिंदी इतवारीत शिकलेली, भाव करण्यापुरती. म्हटलं, "ये सुपारी का है बेटा।"

"नुकीला है माताजी।"

"मेरे को दो दाँत बचे हैं, इसके बिना मैं खाऊँगी कैसे?"

"अंदर सुपारी खाना भी मना है।"

मागची रांग हसली. सोनल माझ्या कानाशी म्हणाली, "दे वं आजी, लोकं थांबले आहेत." पण कुहीत मला कोणी आजवर गेटवर अडवलेलं नाही. माझा पारा चढला. आणि मी काय केलं? तहसीलमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे जे करते तेच केलं. ओळख काढली.

"अपनेही घर के हैं हम," मी म्हटलं, छाती काढून. "ये मेरी नातिन, फौज में अफसर हो रही है।"

बोलून गेले आणि मग ऐकू आलं मला. चार पैशाच्या सुपारीसाठी मी पोरीला फौजेत भरती करून टाकलं होतं. घरी महिनाभर नाही म्हणणारी मीच.

जवान सोनलकडे पाहून हसला. "अच्छा? कब जा रही हो, मैडम?"

सोनलनं हात जोडले. "माताजी से पूछिए।"

जवानानं अडकित्ता एका खोक्यात टाकला, चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं आणि म्हणाला, "फिर तो माताजी, रूल आपको सबसे पहले मानना पड़ेगा। जाते टाइम ले लेना।"

हरलेच होते, म्हणून सरकता सरकता विचारलं, "तेरी माँ ने जाने दिया तेरे को?"

"एक महीना बात नहीं की मुझसे। अब छुट्टी में जाता हूँ तो मोहल्ले भर को चाय पिलाती है। जाने के दिन फिर बात नहीं करती।" आणि पुढच्या माणसाची पिशवी उघडली.

आत किल्ला म्हणाल तर झाडं, तोफा, जाड भिंती, आणि वरून सगळं नागपूर दिसतं. गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा, मधे बसायला जागा आहे. इथं भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, इंग्रज जिंकले, हे सोनलनं सांगितलं. इंग्रजांच्या बाजूनं लढून मेलेल्यांची थडगी आहेत तिथं. सोनल वाकून वाचत होती.

"काय शोधून राहिली?"

"शिपायांची नावं. इंग्रजांकडून लढणारे बरेचसे आपलेच होते ना आजी."

"मंग आपले आपल्याशीच लढले?"

"ज्याले जिथं पगार होता, तिथून."

"भाऊबंदकीच झाली की ही," मी म्हटलं. "शेताच्या धुऱ्यावरून आपणही तेच करतो, फक्त तोफ नसते." नावं आम्हा दोघींना काही सापडली नाहीत. तिला चष्मा लावायला नको आणि माझा घरी राहिलेला.

मग एका झाडाखाली डबा सोडला. सुनेनं माझ्याच आवडीची भरली वांगी दिली होती. ती काही बोलत नाही, वांगी बोलतात. जेवता जेवता मी विचारलं, "निबंधाचं पुढं काय झालं?"

माझा चष्मा नाही म्हणून तिनंच वही उघडून वाचून दाखवलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं: "गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी सगळे म्हणत होते, कोणीतरी जाऊन धडा शिकवला पाहिजे. कोणीतरी म्हणजे कोण, हे मला कोणी सांगितलं नाही." खाली मॅडमचा लाल शेरा: विचार चांगले, निष्कर्ष नाही. त्यापुढचं पान कोरं.

"निष्कर्ष काहून नाही लिहिला?"

"येत नाही मले. लढाई वाईटच आहे आजी. पण होतेच, तर तिथं विचार करणारं माणूस नको का? आणि मले भेव पण लागते."

"भेव लागते तर मंग जातं कायले?"

"म्हणूनच तर विचारून राहिली ना तुम्हाले. एकटीनं ठरवलं असतं तर फॉर्म भरून मोकळी झाली असती."

मी वांगं खात राहिले. शेंगा फोडत मी जेव्हा कोणीतरी म्हणत होते, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर कोण होतं? कोणीच नव्हतं. चेहराच नव्हता त्याला. आता मेलं त्याला सोललेलं नाक आलं होतं, आणि त्याची माय कुठेतरी चाय उकळत होती. माझी साखर मुंग्या खात होत्या आणि मी दुसरीच्या पोराला घुसायला सांगत होते.

सोनलनं विचारलं, "काय झालं आजी?" म्हटलं, "वांग्यात मीठ जास्त आहे." नव्हतं.

दुपारी उतरलो. गेटवर गर्दी होती, जवान बदलला होता, माझं डोकं त्या कोऱ्या पानात होतं. अर्ध्या रस्त्यात बसमध्ये बटव्यात हात घातला तेव्हा आठवलं. आता एक मे. तोवर माझं नाव लिहिलेली चिठ्ठी लावून तो तिथं पडला असेल, किंवा नसेल. घरात सगळ्यांची वाट अडवणारी मी. नेलं काय तर माझाच अडकित्ता, तोही माझ्या हातानं दिलेला.

घरी आलो तर गजानन टीव्हीपुढे सकाळची परेड पुन्हा पाहत होता, डोळे भरून. मला पाहून आवाज कमी केला.

"समजावलं ना माय तिले?"

"हाव."

"काय म्हणाली?"

"तिनं तुले एक प्रश्न विचारला आहे."

"मले कायले? मी तर म्हटलं ना, तू जे म्हणशील ते."

मग कळलं, माझ्या सत्तेचं वजन किती होतं ते. अवघड काम माझ्या खुंटीला टांगायचं आणि आपण टीव्ही पाहायचा. खुंटी खूश, की आपल्याला केवढा मान.

अडकित्ता गेला त्याचा राग आहे. किल्ला परत पाहीन, गुडघ्यांनी परवानगी दिली तर. सोनल जावी असं मला वाटतं का? नाही वाटत. माझ्या घरचं कोणी जाऊ नये असंच वाटतं. पण "मी म्हणते म्हणून" हे कारण मी गेटवर जमा करून आले आहे, आणि ते एक मेला परत आणणार नाही.

वही टीव्हीवर ठेवली आहे, कोरं पान उघडून. गजानन, उत्तर तू लिहायचं. कोणीतरी म्हणजे कोण, ते. मग तिच्या फॉर्मला हो लिही, नाही लिही, पण कारणासकट आणि तुझ्या अक्षरात. माझं नाव त्यात घालायचं नाही, सुनेचं तर नाहीच. आणि लिहून होईस्तोवर टीव्ही लावायचा नाही.