साहेब, वाघ आणि सासऱ्यांचे आजोबा

"जागा कमी पडली तर मागची माणसं गाळा, पण साहेब आणि मेलेला वाघ नीट आले पाहिजेत." वारली चित्रं काढणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं आणि स्वतःला रसिक समजत चहा टाकायला आत गेलो.

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. नाशकात तेव्हा ज्याच्या त्याच्या हॉलमध्ये एक भिंत गेरूची होत होती. आमचीही झाली. नमुना म्हणून मी सासऱ्यांनी वास्तुशांतीला दिलेली तसबीर पुढे केली. विलायती तैलचित्राची छापील नक्कल: गोरा साहेब वाघावर बूट ठेवून उभा, मागे हाकारे घालणारे आदिवासी, आणि साहेबावर छत्री धरलेला एक पागोटेवाला. तो पागोटेवाला म्हणजे आपले आजोबा, असं सासरे छातीठोकपणे सांगत. पुरावा काय, तर नाक. रविवारी ते जेवायला येणार होते आणि मला त्यांची शाबासकी हवी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून एकही मिळालेली नव्हती.

बाई पेठ तालुक्यातल्या, वारली पाड्यावरच्या. त्यांनी तांदळाचं पीठ कालवलं, काडीचं टोक चावून कुंचला केला आणि कामाला लागल्या. संध्याकाळी बघतो तर वाघ जिवंत, ऐसपैस बसलेला. हाकारेवाले तारपा फुंकणाऱ्याभोवती नाचताहेत. साहेब बोटाएवढा, टोपी काखेत, हातात नारळ, वाघापुढे वाकलेला. सासऱ्यांचे आजोबा छत्री पायाशी टाकून नाचात सामील.

मूळ चित्रात वाघ मेलेला आहे, असं मी चाचरत म्हणालो.

"मेला वाघ मी नाय काढायची. देव हाय तो आमचा," बाई म्हणाल्या. "आन् जंगलात शिरताना इचारलं व्हतं का साहेबानं? आता इचारू दे."

मी मान डोलावली.

रविवारी सासरे भिंतीशी उभे राहून चष्मा वरखाली करत राहिले. वारली चित्रातल्या माणसांना नाकं नसतात, त्यामुळे आजोबा सापडेनात. मग मीच उत्साहाने बोट दाखवलं.

"आमच्या आजोबांना नाचवलंत?" एवढंच म्हणाले, आणि श्रीखंडाला हात न लावता निघून गेले.

मी उरलेल्या गेरूचा डबा काढला. बाकी चित्र राहू दे, त्या एका माणसावरून ब्रश फिरवला की सगळ्यांचंच मन राहील, असा माझा हिशेब.

बायको ताटं उचलत होती. म्हणाली, "फिरवा ना. फक्त आजोबांना पुसून टाकलं, हे बाबांना तुम्ही सांगणार की मी?"