कोपरीच्या होडीचं नवं सुकाणू

सांगलीहून निघताना होडीचं सुकाणू फिरवणारा लोखंडी सिलिंडर गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतला होता. ठाण्याला एस.टी.तून उतरलो तेव्हा पाय बधिर झाले होते आणि एप्रिलचा उकाडा अंगाला चिकटत होता.

कोपरीच्या खाडीकाठी जनूमामा वाट बघत उभे होते. कारखान्यातल्या माझ्या दोस्ताचे, सुधीरचे, हे सासरे. जन्मभर मासेमारी केलेले. सुकाणूचं तारेवर चालणारं जड चाक ओढून ओढून त्यांचा खांदा निकामी झाला होता. सुधीरनं भंगारातल्या एका हौशी नौकेचा ऑटोपायलट (ठरवलेली दिशा आपोआप धरणारं यंत्र) मिळवला होता, पण त्याच्या लहानशा मोटरला ती ताठ तार हलेना. तार काढून तेलाच्या दाबावर फिरणारं सुकाणू बसवायला मला बोलावलं होतं.

मामींनी चहा दिला. "यंत्र बसला तर बसला," त्या म्हणाल्या. "नायतर होडी इकाची. या खांद्यानं एकले दर्यात जातात. माज्या जीवाला थारा नाय."

मामा उठून होडीकडे चालू लागले.

तार काढली, चाकामागे पंप बसवला, सुकाणूला सिलिंडर जोडला, पंपाला ऑटोपायलटची मोटर लावली. तेल भरलं आणि एका पाइपाच्या सांध्यातून ते ठिबकू लागलं. तसला पाइप ठाण्यात कुठे मिळेना. डोंबिवलीच्या कारखान्यांत दारोदार फिरलो. अखेर एका वर्कशॉपच्या मालकानं हातातलं काम बाजूला ठेवून पाइप बनवून दिला. "होडीला?" त्यानं एवढंच विचारलं.

परत येऊन तेलातली हवा काढत बसलो. बुडबुडे संपेनात. पाठ मोडून आली. अखेर हवा संपून चाक हाताला घट्ट लागलं तेव्हा भरती आली होती. चाचणीला निघालो तशा मामी म्हणाल्या, "मी पन येते."

रुंद खाडीत मामांनी ऑटोपायलट सुरू केला. चाक जरासं वळलं, थांबलं, परत वळलं. होडी सरळ चालली. मामा बराच वेळ चाकाजवळच हात ठेवून उभे राहिले. मग हळूच खाली बसले, फळीला टेकले. थोड्या वेळानं बघतो तर त्यांना झोप लागली होती.

"मामा," मी हाक मारली.

"उठवू नका," मामी हलक्यानं म्हणाल्या. "तुमी समोर बघा."

मी समोर बघत उभा राहिलो. मामी त्यांच्याकडे बघत होत्या.

सांगलीची गाडी धरली तेव्हा नखांत तेल होतं आणि अंगात त्राण नव्हतं. आजवर मी कितीतरी यंत्रं चालू केली. त्यांच्यामुळे कुणाला विसावा मिळाला, ते कधी थांबून पाहिलं नव्हतं. होडी विकायची नाही, असं सुधीरला सांगायला मामींनी बजावलं होतं. तेवढा निरोप घेऊन मी घरी आलो.