सुग्राभाभीची चाकांवरची खोली

अर्धी वाट संपली तेव्हा कुठे हबीबभाई बोलले. आर्णीहून निघाल्यापासून दीड कोस ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही चालत होतो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता.

“बाई, तुमचे मामा मले हसतीन का वो?”

“हसतील,” मी म्हटलं. मला खोटं सांगता येत नाही. “पण येतीलही.”

ते थांबले, टोपी काढून कपाळ पुसलं आणि पुन्हा चालू लागले. त्रेसष्ट साल, दसरा नुकताच होऊन गेलेला. हबीबभाईंची मोटार आर्णीच्या नाल्यापाशी नाक वर करून उभी होती, म्हणून आम्ही पायी चाललो होतो माझ्या आजोळच्या बंजारा तांड्यावर.

हबीबभाई मिस्त्री माझे शेजारी. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, आमच्या दोन घरांत भिंत एकच. ऑइल इंजिन आणि पिठाच्या गिरण्या दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा मिस्त्री आसपास नव्हता. दसऱ्यापासून होळीपर्यंत ते गावोगाव हिंडत. त्यांची बायको सुग्राबी, मी तिला भाभी म्हणायची. सहा वर्षांपूर्वी तापात तिचे पाय गेले. हबीबभाई बाहेर असले की ती आमच्या सामाईक भिंतीवर थाप मारी आणि मी जाई. पण गरज असे त्याच्या निम्म्यानेही ती थाप मारत नसे. एकदा तिच्या पाठीला जखम झाली. ती चिघळून वास येईपर्यंत तिने ना मला सांगितलं, ना त्यांना. त्या वेळी हबीबभाई ओसरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

तिने एकदा सहज म्हटलं होतं, “मलेबी हत्यारांसंगं पेटीत घालून न्या ना.” ते त्यांनी मनावर घेतलं.

त्यांच्याकडे मिलिटरीच्या लिलावातली एक लहान मोटार होती, मागे उघडी पेटी असलेली. तिच्यामागे जोडायला त्यांनी दोन चाकांची एक खोली बांधली. आत सागवानी खाट, खिडकीला पडदा. खोलीचं नाक पुढे येऊन मोटारीच्या पेटीत टेकायचं. तिथे तव्यासारखी लोखंडी चकती, तिच्यात खोलीचा खुंटा अडकायचा. मोटारीला हे झेपेल का, ते पाहायला त्यांनी कापसाच्या तीन भरल्या गाड्या एकामागे एक बांधून बाजाराच्या रस्त्याने ओढून दाखवल्या. सगळं आर्णी पाहायला लोटलं होतं. आणि पहिल्याच दिवशी, सुदैवाने भाभी आत नसताना, नाल्याच्या चढावर मोटारीची पुढची चाकं उचलली. सुकाणू फिरवूनही वळेना. मोटार बाभळीत शिरली. त्या रात्री भाभी म्हणाली, “जाऊ द्या, मी घरीच बरी हाय.” ते ऐकूनच मी त्यांना मामांचं नाव सुचवलं.

धावजीमामा तेव्हा पंचाहत्तरीचे. लहानपणी त्यांनी बापाबरोबर लदणीचे बैल हाकलेले, पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून. त्यांनी आमचं सगळं ऐकलं आणि हसले. चांगलं पोट धरून हसले. मग काठी उचलली.

“चाल छोरी. पाहू तुह्या मिस्त्र्याचा बैल.”

नाल्यापाशी ते मोटारीभोवती दोन फेऱ्या फिरले आणि मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले.

“वढते तं चांगली म्हंते?”

“तीन गाड्या वढल्या, मामा! भरलेल्या!”

“वढल्या असतीन. वढाचं ते खांद्यानं, उचलाचं ते पाठीनं. तू खांदा पाह्यला, पाठ पाह्यलीच नाई. अन् हे घर तं तिच्या पाठीवरबी नाई, पार शेपटावर ठेवलं तू. गोनी कमरेवर सरकली का चढावर बैलाचे पुढचे पाय हलके होते. काहून नाई उचलनार?”

हबीबभाईंनी वाकून पाहिलं. चकती मागच्या चाकांच्याही मागे बसवली होती, आणि खोलीच्या नाकात सगळं जड सामान भरलं होतं: ऐरण, शिकंजा, पाण्याचं पिंप.

बैल लावून सगळं घरी आणलं. चकती हातभर पुढे, मोटारीच्या मागच्या चाकांच्या बरोबर वर घेतली. मग मामांनी खोली रिकामी करायला लावली. लदणीच्या दिवसांत कोवळ्या बैलावर ते एकेक गोणी चढवत आणि त्याचे कान पडले की थांबत. मोटारीला कान कुठले? त्यांनी पुढच्या चाकाजवळ काठी रोवली आणि मडगार्ड आलं तिथे काठीवर कोळशाची रेघ ओढली. एकेक वस्तू आत जायची, मोटारीचं नाक उचललं का म्हणून मामा आधी रेघ बघायचे, मग मागचे कमानपाटे किती दबले ते. पिंप खोलीच्या मागच्या टोकाला गेलं. खाट खोलीच्या चाकांवर आली.

“आता खाटीवर बाईच्या वजनाचं कोन बसते?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचून चढले. घरातून भाभीचा आवाज आला, “मास्तरीनबाई माह्यापेक्षा जड हाय वो मामा, थोडं कमी धरजा!”

दोन दिवस हे चाललं. ऐरण काही बसेना. पुढे ठेवली की पाटे दबायचे, मागे ठेवली की खोली उलाळायची.

“ऐरन नाई तं बाई,” मामा म्हणाले. “दोन्ही नाई झेपत या बैलाले.”

“ऐरनच न्या,” भाभी घरातून म्हणाली. “ते कुरकुर तं नाई करत.”

हबीबभाईंनी ऐरण एकट्याने उचलली, माझ्या अंगणात आणली आणि तुळशीजवळ ठेवली. “गावोगाव लोहार हायेत,” ते म्हणाले. “मागून घेईन.” बापाच्या हातची ऐरण होती ती. त्यांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि गेले.

रविवारी निघायचं ठरलं. पहिला मुक्काम चार कोसांवरच्या गिरणीपाशी. सकाळी आम्ही भाभीला उचलून खाटेवर निजवलं. तिने पडदा सारला आणि बाहेर पाहत राहिली. हबीबभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं, मी मनात आम्हा बंजाऱ्यांच्या सेवाभायाचं नाव घेतलं. मी मागे सरले तशी ते माझ्यापाशी आले. आवाज अगदी खाली आणला.

“बाई, आज शाळा नाई ना तुमची? पिंप रिकामं ठेवलं, तुमचं वजन झेपीन. तुमी तिच्याजवळ बसा. खड्ड्यात गाडी आदळली का तिचं तोंड पाहा. तिले दुखलं तं ते मले सांगनार नाई. हसून दाखवीन. तुमी तिचं आयकू नका. मी लगेच थांबवीन, तिच्यासाठी तुमीच खोलीच्या पत्र्यावर थाप मारजा.”