बियाण्यासोबत फुकट आलेली कॅसेट

मी कामाला आहे त्या लॉजवर ढेकणांचं औषध मारलं की त्या वासानं आमच्या अमडापूरकडची फवारलेली कपाशी आठवते आणि जुना राग उसळतो. माझी शाळा आठवीतच सुटलेली, तरी एका ताईंनी, कधी न भेटता, मला मोबाइलवर, कुणालाही लिहिता येणाऱ्या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायला शिकवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पहिला लेख मी गावात गाणी रचून गाणाऱ्या चाचांच्या कॅसेटवर लिहिला. अळी लागत नाही म्हणून विकलेलं बीटी बियाणं पेरूनही बोंडअळी आली, तेव्हा चाचांनी गाण्यांतून बियाणं विकणाऱ्यांचा उद्धार केला होता. 'कापसाची गाणी' एवढं नाव वाचून बियाणेवाल्यानं, न ऐकताच, कव्हरवर आपल्या दुकानाचा फोटो छापून ती पिशवीसोबत फुकट वाटली! ज्ञानकोशातल्या एका संपादकानं लिहिलं, 'ही जाहिरात आहे, लेख काढतोय.' मी चिडून विचारलं, 'ऐकली तरी का?' उत्तर आलं, 'ऐकणं हा संदर्भ नव्हे, छापील दाखवा.' चाचांना फोन लावला तर म्हणाले, "छापील काऊन पाह्यजे बे? साऱ्या गावाले पाठ हाये!" ताईंनी जुने पेपर धुंडाळले, तर एकच उल्लेख सापडला, तोही बियाणेवाल्याच्या जाहिरातीतला: 'पिशवीसोबत कॅसेट मोफत.' लेख उडाला. चाचा अजून फोनवर विचारतात, "लागलं का बे आपलं नाव?" मी दात खाऊन सांगतो, "तपासून राह्यले, चाचा."