बोटांनी निवडलेलं पुस्तक

अख्ख्या बीड जिल्ह्यात डोक्यापेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हे माझ्या पत्रिकेतच लिहिलेलं असणार. केजला एका किराणा दुकानाच्या माडीवर त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. अकरा मशिनी, अकरा स्टुलं आणि एक लाकडी पट्टी. शिकणाऱ्यानं मान खाली घालून अक्षरं शोधली रे शोधली, की पट्टी वाजलीच. "मान वर! बोटांना डोळे असत्यात," असं ते ओरडत. कुठलाही मजकूर स्वतः टाइप केल्याशिवाय त्यांना समजतच नसे. बायकोनं दिलेली सामानाची यादीसुद्धा आधी मशिनीवर चढायची, मग पिशवी खुंटीवरून उतरायची. माझी लग्नपत्रिका तेवढी त्यांनी घाईत नुसती वाचली, आणि लग्नाला दुसऱ्या दिवशी उगवले!

पुढं गावोगावी कॉम्प्युटर आले आणि माडीवरच्या मशिनींवर एकेक करून फडकी पडली. तशात बीडच्या एका कॉलेजला सर्व्हर सांभाळायला माणूस हवा असल्याचं कळलं. लिनक्स यावं, सर्व्हरची सुरक्षा यावी, महिन्याभरानं परीक्षा. मी शाळामास्तर, म्हणून साडू मला गुरुजीच म्हणत. ते म्हणाले, "गुरुजी, हे जमलं तर जमलं. न्हाईतर बेचाळिसाव्या वर्षी मेव्हण्याच्या कापडदुकानात तागे उलगडत बसावं लागंल." एरवी कशालाच न भिणारा माणूस, पण हे बोलताना त्यांचा आवाज पडला होता. मग आम्ही दोघं पुस्तक आणायला एसटीनं औरंगाबादला निघालो.

लिनक्स म्हणजे काय, हे ते मला थेट गेवराईपर्यंत समजावत होते. ते यंत्र नव्हे, यंत्राच्या आत असतं. त्याला मालक नाही. आणि ते फुकट आहे.

"फुकट हाय तर पुस्तक कावून इकत घ्यायचं?" मी विचारलं.

"फुकटाच्या गोष्टीलाच पुस्तक लागतं, गुरुजी. इकतच्याला शिकवाया माणूस येतो."

हे मला पटलं की नाही, ते मला अजूनही सांगता येत नाही.

दुकानदारानं पाच पुस्तकं फळीवर मांडली. पहिल्याच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं, वाचकाला दुसऱ्यातलं सगळं येत असलं पाहिजे. दुसरं म्हणे, आधी तिसरं वाचा. तिसरं पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवत होतं. माझं डोकं गरगरायला लागलं. साडू मात्र शांत. एकेक पुस्तक मधेच उघडून समोरच्या लाकडावर ते बोटांनी टाइप करू लागले. चार पुस्तकं त्यांनी बाजूला सारली. त्यांतल्या पानोपानी उभ्या रेघा, नागमोडी रेघा, उलटे कंस. त्यांच्या मशिनीवर ही चिन्हंच नव्हती. "ह्याला पुस्तक म्हणत्यात का रांगोळी?" ते म्हणाले. पाचवं मात्र सरळ धावलं. दुकानदार बिचारा सांगत होता, "साहेब, हे वरच्या साहेब लोकांचं पुस्तक आहे, नुसती तत्त्वं आहेत यात. हातानं काम करायचं तर ते जाडं घ्या." पण बोटांचा निकाल लागला होता.

महिन्याभरात त्यांनी ते पुस्तक दोनदा टाइप केलं. एक कार्बन प्रत मला दिली. आत येणाऱ्या प्रत्येकावर संशय घ्या, असं तिच्यात इतक्या वेळा होतं की आठवडाभर मी आमच्या दूधवाल्याचं दूध चाखून बघत होतो.

परीक्षेला मीही सोबत गेलो आणि दाराजवळच्या बाकावर बसलो. परीक्षा घेणाऱ्या बाई साडूंना बघताच ताडकन उभ्या राहिल्या. "सर!" उमापूरची ही मुलगी केजला मामाकडं राहून त्यांच्याच माडीवर टायपिंग शिकली होती. तिनं सुरक्षेवर काहीही विचारावं आणि साडूंनी घडाघड सांगावं. बाईंचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, जिंकली लढाई!

मग तिनं त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. "सर्व्हरच्या आत कोण कोण येऊन गेलं त्याची यादी काढा, सर. दोन आज्ञा लिहायच्या आणि मधे उभी रेघ देऊन जोडायच्या."

आज्ञा आठवेनात, म्हणून तिनंच त्या सांगितल्या. पहिली झाली आणि साडूंची बोटं थांबली. उभी रेघ त्यांच्या बोटांना ठाऊकच नव्हती. त्यांनी मान खाली घातली आणि एका बोटानं एकेक अक्षर चाचपत ते ती शोधू लागले. बाईंनी चटकन तोंड खिडकीकडं फिरवलं. मला अक्षरशः रडू आलं.

मग ती हळूच म्हणाली, "राहू द्या, सर. निवड माझ्या हातात हाय. तुमी या, महिन्याभरात मी शिकवते."

साडूंनी स्टूल मागं सारलं. "न्हाई बाई. ओळखीवर कुणाला किल्ली द्यायची न्हाई. पुस्तकातला दुसऱ्या नंबरचा धडा हाय त्यो, दोनदा टाइप केलाय मी."

"सर, ते सर्व्हरबद्दल हाय."

"मग मी कशाबद्दल बोलायलो?"

त्या नोकरीवर माजलगावचा कुणी लागला. "लई योग्य माणूस मिळाला," असं साडू ज्याला त्याला सांगत, त्याचं तोंडही न बघता. पुढच्याच सोमवारी त्यांनी मेव्हण्याच्या दुकानात पहिला तागा उलगडला. लोक हसले, मीही वरवर हसलो. पण त्या दिवशी बाकावर बसून मी मनात सारखा म्हणत होतो, 'हो म्हणा, साडूभाऊ, एकदा हो म्हणा.' हे त्यांना सांगायचा धीर मला कधीच झाला नाही.